अप्पांचे दोन शब्द आणि गच्चीवरच्या सळया

मी सोलापूर सोडलं तेव्हा स्टेशनवरची शेवटची सात मिनिटं मला इंग्रजीच्या तासाला बसावं लागलं. अकरा वर्षं झाली, अजून आठवलं की डोकं फिरतं.

पुण्याची सकाळची गाडी फलाटाला लागलेली होती. पुण्याहून मुंबई, मुंबईहून विमान, आणि मग लीड्स. हे इंग्लंडातलं गाव नक्की कुठं आहे हे अव्वानं दोनदा विचारून घेतलं होतं. अव्वा म्हणजे माझी आई. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात निम्मी कानडी, त्यामुळे आमच्याकडे आई-बाबा नाहीत, अव्वा आणि अप्पा आहेत. सीटखाली कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पिशवी सरकवून अव्वा खाली उतरली होती आणि पदराचं टोक तोंडात धरून खिडकीबाहेर उभी होती. मला रडू येत होतं. ते येऊ नये म्हणून मी घाईघाईनं म्हणाले, "अप्पा, जा आता तुम्ही दोघं. ऊन चढायच्या आत घरी पोचा. आणि माझ्यासाठी वेट करत बसू नका, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे."

झालं. एकतीस वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस जागा झाला.

"वेट नाही, उमा. वी शॅल नॉट वेट फॉर यू. वी शॅल एक्स्पेक्ट यू. दोन्हींत फरक आहे." आणि खिशातलं पेन काढून त्यांनी हवेत दोन रकाने आखले. एकुलती एक मुलगी परदेशी चाललीय, बायको रडतेय, शेजारच्या डब्यातले लोक माना काढून बघताहेत, आणि हे गृहस्थ शब्दांचे अर्थ समजावताहेत! गाडी हलली तेव्हा ते 'फॉर एक्झांपल'पर्यंत आले होते. त्या नादात हात हलवायचा राहूनच गेला.

बरं, हा फरक मला नवा होता असंही नाही. आठवीपासून दहावीपर्यंत मी त्यांच्याच वर्गात होते. एक्स्पेक्ट करणं ही डोक्यातली गोष्ट, असं ते सांगायचे. अमुक घडणार अशी तुमची खात्री आहे, एवढंच. तुम्ही खुशाल आपापली कामं करत राहा. वेट करणं मात्र अंगानं करायची गोष्ट. ते घडेपर्यंत तुम्ही एका जागी अडकता, दुसरं काही सुरू करू शकत नाही. उदाहरण ठरलेलं, नळाचं. 'वी एक्स्पेक्ट वॉटर ऑन थर्सडे.' आणि गुरुवारी सकाळी जो पाइप धरून नळाशी उभा राहतो, 'ही वेट्स फॉर वॉटर.' चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावातल्या पोरांना हे उदाहरण तात्काळ कळायचं. आमच्या घरी पाणी एक्स्पेक्ट करायचे अप्पा आणि पाइप धरून उभी असायची अव्वा, हे मात्र तेव्हा ना त्यांच्या लक्षात आलं ना माझ्या. अप्पा त्या वेळी पेपर वाचत असायचे.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आलात त्यांना सांगायला नको, की हा एक्स्पेक्ट शब्द इथं कसा पदोपदी आडवा येतो. बसस्टॉपवरच्या पाटीवर बस एक्स्पेक्टेड. पार्सल एक्स्पेक्टेड. पहिल्या वर्षी दिवाळीला मी चकल्या घेऊन शेजारच्या आजींचं दार वाजवलं, तर दार बोटभर उघडून त्या म्हणाल्या, मी तुला एक्स्पेक्ट करत नव्हते. बोलल्या गोडच, पण मी पायरीवरच चकल्या देऊन परत आले आणि घरी येऊन संतापानं रडले. आमच्याकडे अक्कलकोटची मावशी पिशवी घेऊन थेट दारात उभी राहायची. तिला कुणी एक्स्पेक्ट केलेलं नसायचं, आणि अव्वा चहात पाणी वाढवून मोकळी व्हायची. फोनवर अप्पांना चकल्यांची गोष्ट सांगितली, वाटलं मायेचा शब्द बोलतील. ते खूश झाले. म्हणाले, "परफेक्ट यूसेज! बघ, मी म्हणत नव्हतो?"

असा हा माणूस. आणि या माणसानं एका इंग्रजी शब्दाच्या भरवशावर गच्चीवर सळया सोडून ठेवल्या होत्या.

सोलापूरकरांना सळया समजावून सांगायची गरज नाही, पण ज्यांनी आपल्याकडची गावाबाहेरची घरं पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगते. आपण घर बांधतो तेव्हा खालचा मजला होतो आणि स्लॅबवर प्रत्येक कॉलमच्या सळया कमरेएवढ्या उंच तशाच उभ्या सोडून देतो. पुढं मुलगा कमावता होईल, लग्न करील, वरचा मजला चढवील, त्यासाठी. सळयांच्या टोकांना पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उलट्या अडकवायच्या आणि वाट बघायची. होटगी रोडच्या अंगाला आमच्या सोसायटीत निम्म्या घरांवर अशा सळया आहेत. फरक एवढाच, की बाकीच्यांनी त्या मुलांसाठी सोडल्या होत्या आणि अप्पांनी मुलीसाठी. शेजारचे काका हसून म्हणाले होते, "सर, लेकीसाठी कुणी सळया सोडतं का? ती जाणार सासरी." अप्पांनी उत्तर इंग्रजीतच दिलं. काय दिलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

मी आले, दोन वर्षांची चार झाली. निखिल भेटला, तो पुण्याचा, त्याचीही नोकरी इथंच, लग्न झालं. दर वर्षी मे महिन्यात अप्पा फोनवर विचारायचे, "मग, यंदा काय? मिस्त्रीला सांगू का?" आणि मी म्हणायचे, "बघू." हा 'बघू' शब्द फार सोयीचा आहे. तो नाही म्हणत नाही, त्यामुळे समोरच्याला वाईट वाटत नाही; तो हो म्हणत नाही, त्यामुळे आपण अडकत नाही. वाईटपणा घ्यायचा नाही आणि शब्दही द्यायचा नाही, यात मी तरबेज झाले. दोन वर्षांपूर्वी आम्ही लीड्समध्ये घर घेतलं. छोटंसं, विटांचं, मागं अंगण. घरी सांगितलं, "घर बदललंय. भाड्याचंच आहे, पण मोठं आहे." का खोटं बोलले? कारण खरं सांगितलं असतं तर अप्पांना त्या सळयांकडे बघून काय वाटलं असतं, याची मला भीती होती. त्यांना वाईट वाटू नये, एवढाच उद्देश होता असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे त्यांना वाईट वाटताना मला बघावं लागू नये, हा उद्देश होता.

आणि ही सगळी फसवाफसवी करणारी मी कोण, तर सिव्हिल इंजिनियर. सोलापुरातच शिकले. इथं माझं काम काय, तर जुन्या इमारती तपासायच्या, उघड्या पडलेल्या सळयांचा गंज बघायचा आणि 'हे तातडीनं दुरुस्त करा' असे अहवाल लिहायचे. व्हिडिओ कॉलवर अप्पा गच्चीत उभे राहून बोलायचे, त्यांच्या मागं त्या सळया दिसायच्या, आणि मी त्यांच्या शर्टाचा रंग चांगला आहे म्हणायचे.

या वर्षी सुट्टी मे महिन्यातच मिळाली. निखिलला नव्हती, मी एकटीच गेले. सोलापूरचा मे काय असतो ते मी विसरले होते, हे कबूल करायला लाज वाटते. दुपारी बाराला घरात पंखा लावला की वरून कढत वारा अंगावर यायचा. भिंतीला हात लावला तर चटका. माझ्या जुन्या खोलीच्या कोपऱ्यात, कॉलमच्या अंगाला, छताचा गिलावा ताटाएवढा पडला होता आणि पावसाळ्यातल्या ओलीचे पिवळे डाग भिंतीवरून खाली आले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला अव्वा घरात दिसेना. हाक मारली, उत्तर नाही. जिन्यात पाण्याचे थेंब दिसले म्हणून वर गेले. अव्वा, वय एकोणसत्तर, दोन्ही गुडघे गेलेले, डोक्यावर ओला टॉवेल टाकून गच्चीवर बारदान पसरत होती आणि त्यावर बादलीतलं पाणी मारत होती. धुण्याचं पाणी साठवून ठेवलेलं. स्लॅबवर पडल्या पडल्या त्याची वाफ होत होती. मी ओरडलेच तिच्यावर. हे काय चाललंय? रोज करतेस?

"रोज न्हाई. पानी असंल तवा," ती म्हणाली. "न्हाई मारलं तर खाली बसवत न्हाई गं. तुजे अप्पा वाचनालयात जाऊन बसत्यात पाच वाजंपर्यंत. मी कुटं जाऊ?"

"अगं, मग पत्र्याचं शेड टाका की! सगळ्या सोसायटीनं टाकलंय. वॉटरप्रूफिंग करून घ्या!"

"शेड टाकायचं तर सळया कापाव्या लागत्यात. मिस्त्री बगून गेला. पाईप कॉलमच्या डोक्यावरच हुभं करावं लागत्यात म्हनला. अप्पा कापू देत न्हाईत. आन् वर मजला यायचाच हाय, मग वॉटरप्रूफिंग कशाला म्हनत्यात."

"पण का कापू देत नाहीत?"

अव्वानं माझ्याकडे असं बघितलं की हा प्रश्न मी विचारायला नको होता. "तू येनार हाईस की," ती म्हणाली, आणि बादली उचलून दुसऱ्या कोपऱ्याकडे गेली.

मी तिच्या हातातून बादली घेतली. ती खाली गेल्यावर जवळच्या कॉलमच्या सळईला हात लावला, तर गंजाची खपली पोळीच्या पापुद्र्यासारखी सुटून हातात आली. आतला लोखंडाचा गाभा पेन्सिलीएवढा उरला होता. गंज फुगून कॉलमच्या डोक्याला तडे गेले होते आणि त्याच तड्यांतून पाणी माझ्या खोलीत उतरत होतं. मी एकेक करून सगळे कॉलम तपासले. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर या सळयांवर मजला चढवायचा नाही, असं मी पहिल्याच पानावर लिहिलं असतं. म्हणजे मी खरंच परत आले असते तरी माझा मजला त्यावर उभा राहणार नव्हता. आणि ज्या मजल्यावर मी राहणार नव्हते, त्याच्यासाठी माझी आई भर उन्हात जिना चढत होती. मला इतका राग आला, अप्पांचा, स्वतःचा, त्या दोन्ही इंग्रजी शब्दांचा, की बादली तिथंच आपटून मी खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी बोलले. आधी इंजिनियर म्हणून बोलले, ते सोपं गेलं. सळया निकामी झाल्यात, कापायला हव्यात. अप्पा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "मग नव्या टाकता येतील. ड्रिल करून टाकतात ना हल्ली? तू येशील तेव्हा बघू."

"अप्पा, मी येणार नाही. राहायला येणार नाही. तिथं आम्ही घर घेतलंय. भाड्याचं नाही, आमचं आहे."

"केव्हा घेतलं?"

"दोन वर्षं झाली."

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं होतं ते रडतील किंवा चिडतील. त्यांचा आवाज बारीक झाला होता. म्हणाले, "यू शुड हॅव टोल्ड अस, उमा. पण ठीक आहे. आम्ही काही वेट करत नव्हतो. वी वेअर ओन्ली..."

"तुमी न्हवता करत," अव्वा म्हणाली. "मी करत हुते."

त्यांच्या चाळीस वर्षांच्या संसारात तिनं अप्पांचं इंग्रजी वाक्य मध्येच तोडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ती कपबशी ठेवून उभी राहिली होती. "तुमचं ते एक्स्पेक्ट का काय ते तुमी खुर्चीत बसून केलं. बारदान मी भिजवलं." मग ती माझ्याकडे वळली, आणि ते जास्त वाईट होतं. "आन् तू गं? दोन वर्सं? म्हंजी दोन उनाळे मी वर पानी मारत हुते आन् तू तितं घर घिऊन बसलीस? लांब ऱ्हायलीस त्याचं काय न्हाई. सुकात हाईस, लई झालं. पन सांगायचं की! एका फोनचं काम हुतं की गं."

वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही, असं काहीतरी मी पुटपुटले. अव्वा म्हणाली, "वाईट वाटून आट दिसांत उतरलं असतं," आणि अप्पांच्या हातात फोन दिला. "लावा मिस्त्रीला."

मिस्त्री दुसऱ्याच दिवशी कटर घेऊन आला. ठिणग्या उडायला लागल्या तसे अप्पा गच्चीवर आले. मला वाटलं थांबवतात की काय. त्यांनी काही थांबवलं नाही. पुढच्या सळयांवरच्या बाटल्या एकेक करून स्वतः काढून दिल्या आणि कठड्याला टेकून बघत राहिले. शेवटचा कॉलम राहिला तेव्हा इंग्रजी सोडून मराठीत म्हणाले, "लोक हसायचे मला. मुलीसाठी सळया सोडल्या म्हणून." मला त्यांना सांगायचं होतं, की अप्पा, मला इतका मान दुसऱ्या कुणीच दिला नाही. मी ते सांगितलं. त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून, मिस्त्रीच्या देखत, भोकाड पसरून सांगितलं. मिस्त्रीनं सभ्यपणानं पाठ फिरवली.

कॉलमची डोकी मी स्वतः उभी राहून दुरुस्त करून घेतली. पत्रे चढवायला चार दिवस लागले. मी निघाले तेव्हा स्टेशनवर कुणी काही शिकवलं नाही. अप्पांनी हात हलवला.

घर म्हणजे काय, याबद्दल आपण निघून आलेली माणसं फार हळवं बोलतो. मीही बोलायचे. जिथं आपली वाट बघितली जाते ते घर, वगैरे. मराठीत वाट बघायची, अव्वाच्या कानडीत 'दारी नोडूदु', तेही वाट बघणंच. दोन्हीकडे डोळ्यांसमोर एक रस्ता आहे आणि त्यावर येणारं कुणीतरी आहे, ऐकायला किती गोड. पण वाट बघणारं माणूस कुठं उभं आहे, सावलीत का उन्हात, हे त्या रस्त्यावरून दिसत नाही. जे निघून आलात त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: 'बघू' म्हणू नका. येणार असाल तर तारीख सांगा, येणार नसाल तर तसं सांगा. आणि तुम्ही जे तिथं राहिलात, तुम्ही आम्हाला खडसावून विचारा. आमचे लाड करू नका.

परवा फोन केला तर मागं कुणीतरी हसत होतं. अव्वानं सांगितलं, माढ्याच्या दोन पोरी ठेवल्यात माझ्या खोलीत, नर्सिंगला आहेत, गुणी आहेत. माझं कपाट त्यांना दिलंय. माझी पुस्तकं खोक्यात घालून माळ्यावर टाकलीत.

"मला विचारायचं तरी!" मी म्हणाले.

"तुला कशाला इचारायचं? आन् हे बग, येनार असशील तर आदी कळीव. अचानक येऊन हुभी ऱ्हाऊ नगंस. पोरींची सोय करावी लागंल."

मला भयंकर राग आला. माझ्याच घरी जायला मी आधी कळवायचं! फोन ठेवून मी निखिलपाशी तासभर तणतणले, आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही. तिथं संध्याकाळ झाल्यावर पुन्हा फोन केला, अप्पांनी उचलला. नोव्हेंबरची तारीख सांगितली. ती त्यांनी लिहून घेतली. मग मी म्हटलं, अव्वाला द्या, सकाळी जरा तोडून बोलले तिला. तुमच्याकडच्या दुपारीसुद्धा मध्ये दोनदा लावला होता, तिनं उचललाच नाही, रागावलीय का?

"छे," अप्पा म्हणाले. "ती दुपारी झोपते हल्ली."